‘कार्ड भरून द्या’ : केजमधून पाहिलेला डाउनलोडचा इतिहास

आजचा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही, फार जुनाही नाही. जेमतेम वीसेक वर्षांचा आहे. विषय आहे मोबाईलमधलं डाउनलोड. फाइल फोनमध्ये उतरू नये म्हणून कायकाय अडथळे आले, आणि लोकांनी त्यातून वाट कशी काढली, हे मी माझ्या केजमधून जसं पाहिलं तसं सांगतो. नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर आहे. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

केज ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांजरसुंब्याहून अंबाजोगाईला निघालात की नेकनूरनंतर आमचं गाव लागतं. रेल्वे नाही. तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, तरी दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. ही ऊसतोडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर पहिला अडथळा होता पैशाचा. जीपीआरएसच्या काळात प्रीपेड कार्डावर १० केबीला १० पैसे असा दर सर्रास होता. ऐकायला स्वस्त वाटतं ना? आता हिशोब करा. एक एमपीथ्री गाणं साधारण ३ एमबीचं. म्हणजे एका गाण्याला ३० रुपये! वेगही असा, की ४० केबीपीएस मिळाला तरी ते गाणं उतरायला दहा मिनिटं. मध्येच रेंज गेली की उतरलेलं वाया, पैसे मात्र कापलेले. केजसारख्या ठिकाणी रेंज जाणं ही काही बातमी नव्हती.

दुसरा अडथळा खुद्द फोनचा. सुरुवातीच्या काही रंगीत नोकियांमध्ये जावाच्या फाइलला ६४ केबीची मर्यादा होती. त्यापेक्षा मोठा गेम फोन घ्यायचाच नाही. व्हिडिओ तर थ्रीजीपी करून १७६ बाय १४४ एवढा बारीक करावा लागायचा, तेव्हा कुठं तो चालायचा.

तिसरा अडथळा सगळ्यात मजेशीर, ‘फॉरवर्ड लॉक’. मोबाईल कंपन्यांच्या एका जागतिक संघटनेनं २००२ च्या सुमारास हा नियम ठरवला. विकत घेतलेली रिंगटोन तुमच्याच फोनमध्ये वाजणार, दुसऱ्याला पाठवायला गेलात की फोन नकार देणार. आमच्याकडं यावर उपाय काय निघाला? एका फोनवर रिंगटोन वाजवायची आणि दुसरा फोन शेजारी धरून आवाज रेकॉर्ड करायचा. त्यात पंख्याची घरघर यायची, कोणीतरी खोकायचं. पण रिंगटोन मिळायची. कुलूप फाइलीला होतं, हवेतून जाणाऱ्या आवाजाला कोण लावणार?

या सगळ्यावरचा खरा उतारा मात्र मेमरी कार्ड. नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड २००५ पासून त्या नावानं मिळू लागलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत स्वस्त चिनी फोनांबरोबर खेड्यापाड्यांत पोचलं. त्याबरोबर एक नवा धंदा उभा राहिला. स्टँडच्या आसपास, रिचार्जच्या टपरीत एक संगणक, एक कार्डरीडर आणि पाटी : ‘येथे मेमरी कार्ड भरून मिळेल’. गिऱ्हाईक इंटरनेटचं नावही घ्यायचं नाही. ‘दादा, दोन जीबी भरून द्या. प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं टाका, आनंद शिंदेंची भीमगीतं टाका, सातारकर महाराजांचा हरिपाठ टाका, आन् उरलेल्या जागेत दादा कोंडके.’ जे तीस रुपयांत एक यायचं, ते त्याच्या आसपासच्या पैशात शेकड्यानं यायचं. गावासाठी तो दुकानदारच इंटरनेट होता.

हे कायद्याला धरून होतं का? नव्हतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ‘कलम ६५ अ’ आलं, आणि हक्कभंग करायच्या हेतूनं असं तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा झाला. गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला त्या दुकानातून दमडी मिळत नव्हती, हे आपण मान्यच केलं पाहिजे. पण तेवढंच म्हणून पुढं गेलो तर अर्धा इतिहास सुटतो. कारण कार्डात फक्त गाणी नव्हती.

आता ऊसतोडीकडं येऊ. नवरा-बायकोचा एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली. टोळी सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने कोपीत राहायचं. तिथं वीज नाही, फोन दुसरीकडून कुठून तरी चार्ज करून आणायचा. अशा ठिकाणी इंटरनेटवरून गाणं ऐकणं शक्यच नव्हतं. म्हणून निघायच्या आधी कार्ड भरायला गर्दी व्हायची. त्याच कार्डात गावाकडं आजीजवळ ठेवलेल्या लेकराचा व्हिडिओ असायचा, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असायचं, लग्नातले फोटो असायचे. संध्याकाळी फडावरून आल्यावर तेच लावायचं. डाउनलोडची मर्यादा हा त्यांच्यासाठी तांत्रिक प्रश्न नव्हता. सहा महिने घर सोबत असणार की नाही, हा प्रश्न होता.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. फुकट डेटा, आणि नंतर रोजचा १ जीबीचा कोटा. रात्री बाराला डेटा नवा व्हायचा म्हणून पोरं जागी राहायला लागली. कार्ड भरायचा धंदा बघता बघता बसला. वाटलं, अडथळे संपले.

तसं झालं नाही. अडथळ्यानं जागा बदलली. यूट्यूबनं भारतात डिसेंबर २०१४ मध्ये ‘ऑफलाइन’ची सोय दिली. पण तो व्हिडिओ तेव्हा ४८ तासच टिकायचा आणि ॲपच्या बाहेर कधी यायचाच नाही. गॅलरीत शोधा, सापडणार नाही. व्हॉट्सॲपचं स्टेटस २०१७ मध्ये आलं. वाढदिवस, श्रद्धांजली, वरात, सगळं त्यावर, आणि २४ तासांत गायब. मग कोणीतरी शोधून काढलं की ते लपवलेल्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं. आयफोनवाल्यांची तऱ्हा वेगळीच. तिथं ‘फाइल्स’ ॲप यायला २०१७ उजाडलं, आणि सफारीत नीट डाउनलोड करायची सोय २०१९ मध्ये झाली. इतक्या महागड्या फोनला जे जमत नव्हतं, ते आमच्या चिनी फोनला ब्लूटूथवर जमत होतं!

लोकांनी ब्लूटूथच्या पुढं जाऊन शेअरइट, झेंडर धरले. डेटा न जाळता अख्खा सिनेमा काही मिनिटांत या फोनवरून त्या फोनवर. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात हे दोन्ही गेले, यूसी ब्राउझरही गेला. नेमके तेव्हा लॉकडाउनमुळं मुलांचे धडे मोबाईलवर आले होते. एका घरात एक फोन, तोही वडिलांच्या खिशात. अशा वेळी बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ एकदा उतरवून ठेवता येत होती, ही लहान गोष्ट नव्हती.

आणि ऑक्टोबर २०२३ ची अखेर आठवा. आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ झाली आणि बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं गेलं. ज्यांचं सगळं ‘क्लाउड’वर होतं त्यांचा फोन मुका झाला. ज्यांच्या फोनमध्ये फाइली होत्या, त्यांचा चालू राहिला.

मला या वीस वर्षांतून एकच गोष्ट दिसते. पूर्वी फाइल मिळवणं अवघड होतं, पण मिळाली की ती आपली असायची. आज बघायला सगळं मिळतं, हातात मात्र काही राहत नाही. आणि तेव्हाची वाट तंत्रज्ञानातून कमी, माणसांतून जास्त निघाली होती.

तर एक काम करा. घरात जुनं मेमरी कार्ड असेल, शोधा. ही कार्डं वापराविना पडून राहिली की वर्षागणिक त्यांतला मजकूर पुसट होत जातो. गाणी काय, कुठंही मिळतील. पण त्यात ‘एएमआर’ नावाची एखादी छोटी फाइल असेल, कुणीतरी कधीतरी केलेलं रेकॉर्डिंग. तो आवाज कुठल्याच सर्व्हरवर नाही. कार्डरीडर मागून आणा आणि आजच दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.