टुटू आणि कासोटा

शहापूरच्या मागावरील लुगडे आणि पॅरिसच्या नर्तकीचा ‘टुटू’ नावाचा घागरा यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध पायांचा आहे.

1832 साली ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यात मारी ताल्योनी पोटरीपर्यंतच्या शुभ्र, तलम घागऱ्यात अवतरली. पावलांचे कसब दिसावे म्हणून पुढील अर्धशतकात तो घागरा आखडत गुडघ्यांवर गेला. त्या तलमपणाने बळीही घेतला. 1862 मध्ये तालमीच्या वेळी एमा लिव्रीचा घागरा गॅसच्या दिव्यावर पेटला आणि पुढील वर्षी ती वारली. आगीला दाद न देणारे कापड तिने ताठर म्हणून नाकारले होते.

आमच्या लावणीने हाच प्रश्न कापड न कापता सोडविला. नऊवारीचा काठ घोट्याशी राहिला आणि कासोट्याने पाय मोकळे केले. बेळगावला लागून असलेले, 1948 पर्यंत सांगली संस्थानात मोडणारे शहापूर हे अशा लुगड्यांच्या विणकरांचे गाव. मागावरून उतरले की ते वस्त्र पुरे झाले. शिंप्याचे तेथे काम नसे.

आता रंगमंचावर शिवलेली नऊवारी सर्रास दिसते. घाईच्या वेळी ती सोयीची, हे आम्हांस मान्य आहे. परंतु नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्या नर्तकीच्या अंगलटीप्रमाणे पडत. शिवलेलीच्या निऱ्या शिंप्याच्या मापाप्रमाणे पडतात.