हरलेल्या डावाचं काय करायचं

जोआकिनो ग्रेको या इटालियन खेळाडूने सतराव्या शतकात आपल्या वह्यांमध्ये बुद्धिबळाचे अनेक डाव लिहून ठेवले. त्यांत हरणाऱ्याला नावच नाही. कुणीतरी हावरटपणे प्यादं मारतो, राजा उघडा पडतो, थोड्याच खेळ्यांत मात होते आणि वाचणारा शहाणा होतो. चूक करणारा माणूस कुठे दिसतच नाही, मग खजील कोण होणार? एकोणिसाव्या शतकात ही सोय गेली. १८३४ साली लंडनमध्ये फ्रान्सचा ला बूर्दोने आणि आयर्लंडचा मॅकडॉनल यांच्यात ८५ डाव झाले आणि ग्रीनवुड वॉकर नावाच्या गृहस्थाने ते उतरवून घेतले. मॅकडॉनल पुढच्याच वर्षी वारला, पण त्याने घालवलेले डाव आजही कुणालाही पटावर मांडून बघता येतात. पुढे नियतकालिकं निघाली, वर्तमानपत्रांत बुद्धिबळाची सदरं आली, वाईट खेळीपुढे प्रश्नचिन्ह टाकायची पद्धत रुळली. चुकीला नाव, गाव आणि तारीख मिळाली. वरवर पाहता हा खेळाडूंवर अन्यायच वाटेल. मला मात्र वाटतं, की चुकीनंतर येणाऱ्या खचलेपणावर बुद्धिबळाने जो काही उपाय शोधला, तो या नोंदीच्या सवयीतूनच निघाला. नोंद नसेल तर हरलेल्याजवळ उरते फक्त आठवण, आणि आठवण चुकीला एक तर राक्षसाएवढी करते, नाहीतर पोटदुखी, उजेड, गोंगाट असल्या सबबींखाली पुरून टाकते.

हवानाचा १८९२ चा सामना घ्या. विश्वविजेता स्टाइनिट्झ आणि रशियाचा मिखाइल चिगोरिन यांच्यातली ही लढत दहा विजयांची होती. २३ वा डाव सुरू झाला तेव्हा स्टाइनिट्झचे नऊ विजय होते, चिगोरिनचे आठ. या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा चिगोरिन एका मोहऱ्याने वरचढ होता. बरोबरी हातातोंडाशी आली होती. काळ्याचे दोन्ही हत्ती पांढऱ्याच्या दुसऱ्या रांगेत घुसले होते खरे, पण डी-६ घरातला पांढरा उंट एच-२ चं प्यादं राखून होता. त्या उंटाला तेवढं एकच काम होतं. बत्तिसाव्या खेळीला चिगोरिनने नेमका तोच उंट उचलून बी-४ वर नेला. स्टाइनिट्झने हत्तीने एच-२ चं प्यादं मारून शह दिला. पुढच्या खेळीला मात अटळ होती. सामना संपला, विश्वविजेतेपद गेलं. एवढ्या मोक्याच्या क्षणी इतकी उघडी घोडचूक बुद्धिबळाच्या इतिहासात क्वचितच झाली असेल. पण पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला चिगोरिन जर्मनीच्या टाराशशी २२ डाव खेळला आणि नऊ विजय, नऊ पराभव, चार बरोबऱ्या असा तो सामना समान सुटला. १८९५ मध्ये हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या पिल्सबरीला त्याने पहिल्याच फेरीत हरवलं होतं. लास्कर, टाराश, स्टाइनिट्झ हे सगळे त्याच्या मागे राहिले. आयुष्यभर नियतकालिकं चालवणारा, डावांवर टीपा लिहिणारा हा माणूस होता. स्वतःची चूक हा त्याच्या रोजच्या धंद्यातला कच्चा माल होता. आता, विश्वविजेतेपद त्याला पुढे कधीच मिळालं नाही, हेही खरंच. सावरणं म्हणजे गेलेलं परत मिळणं, असा हिशेब या खेळात कधी नव्हताच.

चिगोरिनच्या अंगवळणी पडलेली ही गोष्ट सोव्हिएत रशियात मिखाइल बोत्विनिकने शिस्तीत बसवली. आपल्या डावांचं विश्लेषण स्वतः करायचं, प्रामाणिकपणे करायचं आणि छापायचं, असा त्याचा आग्रह होता. छापायचं अशासाठी, की घरात बसून माणूस स्वतःला सहज माफ करतो, पण छापलेली टीप एखादा परका वाचक खोडून काढू शकतो. यात दिलाशाचा एक शब्दही नाही, आणि मला तीच त्यातली ताकद वाटते. खचलेला माणूस ‘मी असाच आहे’ म्हणतो. विश्लेषण त्याला विचारतं, ‘कितवी खेळी?’ पहिल्या वाक्याला उत्तर नसतं, दुसऱ्या प्रश्नाला असतं. १९५७ मध्ये विश्वविजेतेपदाच्या सामन्यात बोत्विनिक स्मिस्लोवकडून हरला आणि १९५८ मध्ये परतीचा सामना जिंकला. १९६० मध्ये तरुण तालने त्याचा धुव्वा उडवला आणि १९६१ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी त्याने १३-८ अशी परतफेड केली. ताल तेव्हा आजारी होता, हे सांगितलंच पाहिजे. त्याहून मोठा आक्षेप असा, की बोत्विनिकला परतीच्या सामन्याचा हक्क होता; दुसरी संधी ठरलेली असली की धीर धरणं सोपं जातं. आक्षेप रास्त आहे. तो हक्क रद्द झाल्यावर १९६३ मध्ये पेट्रोस्यानकडून हरलेला बोत्विनिक पुन्हा विश्वविजेतेपदाच्या वाटेला गेला नाही. पण विश्लेषणाची सवय त्याने सोडली नाही. त्याच सुमारास सुरू झालेल्या त्याच्या शाळेत मुलांना स्वतःचे डाव आणून सगळ्यांसमोर मांडावे लागत. कार्पोव, कास्पारोव, क्रामनिक हे पुढचे विश्वविजेते त्याच बाकांवर बसले. पेट्रोस्यानचंही उदाहरण बोलकं आहे: १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमला ब्रॉन्स्टाइनविरुद्ध चांगल्या स्थितीत त्याने वजीर चक्क मारात सोडला होता. सात वर्षांनी तो विश्वविजेता झाला.

कुणी म्हणेल, ही सगळी सावरलेल्यांची यादी आहे, बुडालेल्यांचं काय? अकिबा रुबिनस्टाइनचं नाव लगेच पुढे येतं. १९१२ मध्ये पाच स्पर्धांत अव्वल ठरलेला हा खेळाडू पुढे मानसिक आजाराने पटापासून दूर गेला. पण आजार आणि खचलेपणा एकाच मापाने मोजणं दोन्हींवर अन्यायाचं आहे. आजाराला वैद्य लागतो, डावाच्या टीपा नव्हेत. मला जास्त अडचणीचा वाटतो तो कास्पारोवचा १९९७ चा अनुभव. ‘डीप ब्लू’ संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात त्याने डाव सोडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कळलं, की सतत शह देऊन तो बरोबरीत सोडवता आला असता. उरलेल्या चारपैकी एकही डाव तो जिंकू शकला नाही. इथे विश्लेषणानेच घाव घातला. यावर माझं उत्तर एवढंच, की या उपायाला अवधी लागतो. बोत्विनिकजवळ वर्ष होतं, कास्पारोवजवळ जेमतेम एक रात्र.

हा अवधी आता आणखी आकसला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोचीला विश्वविजेतेपदाच्या सहाव्या डावात कार्लसनने सव्विसाव्या खेळीला राजा चुकीच्या घरात नेला. संगणक उघडून बसलेल्या जगभरच्या प्रेक्षकांना ती चूक तत्क्षणी कळली; कळली नाही ती समोर बसलेल्या आनंदला. त्याने शांतपणे प्यादं पुढे सरकवलं आणि डाव शेवटी गमावला. पूर्वी डाव संपला की दोघे प्रतिस्पर्धी त्याच पटावर मोहरे परत मांडत, ‘इथे घोडा आला असता तर?’ म्हणत तासभर बसत. हरलेल्याला चुकीचं कारण ज्याने हरवलं त्याच्याच तोंडून कळे, आणि बहुधा जिंकणाराही कुठे चाचपडत होता तेही कळे. यंत्र उणे चार असा आकडा देतं आणि गप्प बसतं. आकडा अचूक असतो, पण माणूस तिथवर कसा पोचला हे त्यात नसतं.

तरी अवधी मिळाला तर जुना उपाय अजून लागू पडतो. एप्रिल २०२४ मध्ये टोरंटोच्या आव्हानवीर स्पर्धेत सातव्या फेरीत, घड्याळाची टिकटिक डोक्यावर असताना, १७ वर्षांचा गुकेश फिरूझाकडून हरला. दुसरा दिवस विश्रांतीचा होता. आठव्या फेरीत त्याने नाशिकच्या विदित गुजराथीला हरवलं, त्यानंतर एकही डाव गमावला नाही, आणि तेराव्या फेरीत फिरूझालाही हरवून १४ पैकी ९ गुणांनी ती स्पर्धा जिंकली.