मराठी नाटक व चित्रपटांतील समलैंगिक व्यक्तिरेखा
मराठी नाटक व चित्रपटांतील समलैंगिक व्यक्तिरेखा कथेतून सहज उमलतात की बाहेरून जोडल्या जातात, हा चर्चेचा विषय आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील सुमित्रा ऊर्फ मित्रा महाविद्यालयीन नाटकात पुरुषभूमिका करताना नमाच्या प्रेमात पडते. पुढील सर्व संघर्ष व मित्राची आत्महत्या यांचे मूळ या प्रेमात आहे. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे नाते उपकथानकापुरते येते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत व तिच्यावरील चित्रपटात (२०२२) भाऊ व बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात. दोघांचा विरह सारख्याच तोलाचा ठरतो. असे नाते वगळल्यास कथानक कोसळते की तसेच उभे राहते, यावरून चित्रणाची सहजता पारखता येते.