उद्यानरक्षकांची उमेदवारी

अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांत उन्हाळ्याच्या सुटींत कॉलेजांतील कांहीं तरुण-तरुणी उमेदवारीसाठीं जातात. त्यांपैकीं कांहीं जण कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या रेंजरांच्या हाताखालीं काम शिकतात. या उमेदवारांच्या कमरेला पिस्तूल नसतें व कोणास अटक करण्याचा अधिकारहि त्यांना नसतो. वाट चुकलेल्यास वाट दाखवावी, मोटारींची कोंडी सोडवावी, अनुभवी रक्षकाबरोबर गस्त घालावी आणि तो लोकांशीं कसा बोलतो तें पाहावें, एवढेंच त्यांचें काम. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु रेंजरपदाचा इतिहास पाहिला म्हणजे या लहानशा उमेदवारींत एक मोठा प्रश्न सामावलेला दिसतो. जी वस्तु सर्वांच्या मालकीची, ती सर्वांपासूनच राखावयाची असेल, तर राखणाराच्या हातीं काय असावें: शिक्षा कीं शिकवण ?

१ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट यांची सही होऊन यलोस्टोनचा कायदा अमलांत आला आणि वीस लाख एकरांहून अधिक भूमि लोकांच्या उपभोगासाठीं राखून ठेवण्यांत आली. परंतु या कायद्याबरोबर काँग्रेसनें ना पैसा दिला, ना शिपाई. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड यांस पगारहि नव्हता. वन्य प्राण्यांच्या बेसुमार संहारास कायद्यांत मनाई होती खरी. पण ती मोडणारास दंड करावा कीं कैदेंत टाकावें, याविषयीं अक्षरहि नव्हतें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिकारी लोक कातड्यांसाठीं एल्क हरणांचे कळप लोळवीत, आणि हौशी प्रवासी उष्ण झऱ्यांभोंवतालचे नक्षीदार खनिज थर फोडून आठवण म्हणून घरीं नेत.

१८८० सालीं हॅरी यौंट नांवाच्या कसलेल्या शिकाऱ्यास वन्य प्राण्यांचा रक्षक म्हणून नेमण्यांत आलें. त्यानें उद्यानांतच हिंवाळा काढला आणि दुसऱ्याच वर्षीं राजीनामा दिला. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाची राखण एकट्यादुकट्याच्या हातून होणें नाहीं; ठिकठिकाणीं अधिकारी ठेवून त्यांना नियम पाळविण्याचा अधिकार दिला पाहिजे, असें त्यानें आपल्या अहवालांत सुचविलें. रेंजरसेवेची मूळ कल्पना ती हीच. ती प्रत्यक्षांत यावयास मात्र पुढें छत्तीस वर्षें लागलीं.

मध्यंतरीं लष्कर आलें. १८८६ सालीं काँग्रेसनें मुलकी कारभारासाठीं पैसा नाकारला, तेव्हां ऑगस्टांत कॅप्टन मोझेस हॅरिस हे घोडदळाची एक तुकडी घेऊन यलोस्टोनांत दाखल झाले. पण सैनिकांच्या हातीं बंदुका असल्या तरी कायद्याच्या दृष्टीनें ते निःशस्त्रच होते. अपराध्यास हद्दपार करणें, फार तर त्याचें सामान जप्त करणें, याहून अधिक त्यांना कांहीं करतां येत नसे. या अडचणींतून त्यांनीं एक नामी युक्ति काढली. झऱ्यांच्या कांठीं आपलें नांव कोरून ठेवणारास शोधून काढावयाचें, आणि तें नांव त्याच्याच हातानें घासून पुसावयास लावावयाचें. अपराध, शासन आणि धडा यांचा इतका थेट संबंध जोडणारी तरतूद कोणत्याहि कायदेपुस्तकांत नसेल !

परंतु चोरट्या शिकाऱ्यावर ही युक्ति चालण्यासारखी नव्हती. मार्च १८९४ मध्यें पेलिकन खोऱ्यांत एडगर हॉवेल हा गवा मारून त्याचें कातडें सोलीत असतां फेलिक्स बर्जेस या लष्करी टेहळ्यानें स्कीवरून उघड्या बर्फाचें मैदान ओलांडून त्यास रंगेहात पकडलें. हॉवेलजवळ बंदूक होती. बर्जेसपाशीं केवळ पिस्तूल. इतकें धाडस करून पकडलेल्या अपराध्यास शिक्षा काय, तर हद्दपारी ! त्याच सुमारास ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या पत्राचे बातमीदार एमर्सन हफ उद्यानांत आलेले होते. त्यांनीं हें प्रकरण चव्हाट्यावर आणलें, आणि आयोवाचे प्रतिनिधि जॉन लेसी यांचें विधेयक ७ मे १८९४ रोजीं कायदा झालें. आतां हजार डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद व खटले चालविण्यास उद्यानांतच न्यायाधिकारी, अशी व्यवस्था झाली. तिला उशीर झाला होता: १९०२ सालीं यलोस्टोनांत अवघे दोन डझनांच्या आसपास गवे उरले होते. शिकवणीस शिक्षेचा आधार नसेल तर काय होतें, याचा हा हिशेब आहे.

२५ ऑगस्ट १९१६ रोजीं राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि १९१८ सालीं लष्करानें यलोस्टोन कायमचें सोडलें. पुढील वर्षीं अधीक्षक झालेले होरेस ऑलब्राइट उन्हाळ्यापुरते रेंजर नेमीत. त्यांत कॉलेजचे विद्यार्थी पुष्कळ असत. सुटीची मौज करूं पाहणाऱ्या अर्जदारांस ते पत्रानेंच बजावीत कीं, दिवसाचे दहा-बारा तास राबून चेहऱ्यावरील हास्य व धीर टिकवितां येत नसेल तर अर्ज करूं नये. १९३६ च्या उन्हाळ्यांत अशाच एका तेवीस वर्षांच्या तरुणाची नेमणूक यलोस्टोनच्या कॅनियन ठाण्यावर झाली. तळावरील मोटारींचे क्रमांक पहाटे टिपणें, पाहुण्यांचें स्वागत करणें आणि अस्वलांना खरकटें घालणाऱ्या गाडीवर बंदूक घेऊन उभें राहणें, हीं त्याचीं कामें. तोच जेराल्ड फोर्ड १९७४ सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच्या कामांची यादी पाहिली म्हणजे त्या काळीं यजमान, कारकून व शिपाई हे तिघेहि एकाच गणवेशांत कसे नांदत होते, तें वाचकांच्या लक्षांत येईल.

ही एकी पुढें टिकली नाहीं. ४ जुलै १९७० रोजीं योसेमिटी उद्यानांतील स्टोनमन कुरणांत जमलेल्या तरुणांस हुसकण्याचा प्रयत्न रेंजरांनीं केला, आणि त्याचें पर्यवसान दंगलींत झालें. अशा प्रसंगास लागणारें शिक्षण त्यांच्यापाशीं नव्हतें. १९७६ च्या कायद्यानें शस्त्र बाळगण्याचा व अटक करण्याचा अधिकार खास नेमलेल्या रक्षकांस स्पष्टपणें दिला. त्यासाठीं पोलिसी पद्धतीचें शिक्षण आलें, आणि कायदा सांभाळणारा रेंजर निराळा व निसर्ग समजावून सांगणारा निराळा, अशी वांटणी पक्की होत गेली.

ही वांटणी अनाठायीं झाली असें आम्ही म्हणत नाहीं. १ जानेवारी २०१२ रोजीं माउंट रेनियर उद्यानांत, चाकांच्या बर्फसाखळ्या तपासण्याच्या नाक्यावर न थांबलेली एक मोटार अडवितांना मार्गारेट अँडरसन या रेंजर गोळीस बळी पडल्या. एवढ्या साध्या कामांतहि मरण दडलेलें असेल, तर केवळ हास्य व धीर यांच्या भरंवशावर रक्षकास पाठविणें हें क्रौर्यच होय.

परंतु म्हणूनच उन्हाळ्याच्या उमेदवारीचें मोल आम्हांस अधिक वाटतें. उमेदवाराजवळ साधन काय, तर एक जीभ. संतापलेल्या मोटारवाल्यास शांत करावयाचें, गव्याच्या अगदीं जवळ जाणाऱ्या कुटुंबास मागें फिरवावयाचें, तें नुसत्या बोलण्यानें. दोन-तीन महिने असे गेल्यावर जो तरुण पुढें शस्त्र हातीं घेईल, तो तें सर्वांत शेवटीं उपसील, अशी आशा धरण्यास जागा आहे. आधीं शस्त्र आणि मग वाणी, हा क्रम शिकलेल्यास तो उलटा करणें कठीण जातें, हें तरुणांत आयुष्य घालविलेल्या कोणाहि शिक्षकास पटेल.

संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणें. मराठींत त्याच शब्दाचा अर्थ दंड असा झाला. हॅरी यौंटपासून आजच्या बिनशस्त्र उमेदवारापर्यंतचा इतिहास या दोन अर्थांच्या मधला आहे. त्यांतला एक अर्थ सोडून भागेल असें यलोस्टोनच्या गव्यांकडे पाहून तरी कोणास म्हणतां येणार नाहीं. पण उमेदवारानें पहिल्यानें गिरवावयाचा अर्थ संस्कृतांतला, हें निश्चित.