वाद्याने शरीराकडे यावे

वाद्य शिकायचे तर शरीराने वाद्याला शरण जायचे, हे आपण गृहीतच धरतो. सतारीच्या तारेने बोट कापते, बासरीसाठी श्वास कमवावा लागतो. त्यालाच आपण रियाज म्हणतो. पण ज्याचे शरीर असे वळतच नाही, त्याने जन्मभर श्रोताच राहावे काय? इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचावा, असे आम्हांस वाटते.

लेव्ह तेरमेन या रशियन संशोधकाने १९२० मध्ये स्पर्शाविना वाजणारे वाद्य घडवले. एका अँटेनाजवळ हात नेला की स्वर चढतो; दुसरीजवळच्या हाताने आवाज लहानमोठा होतो. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोर यांना याच थेरेमिनने पुन्हा मंचावर आणले. मात्र हवेत ना पडदा, ना तार. हात किंचित हलला तरी स्वर ढळतो. स्पर्श गेला, कष्ट राहिले.

पुढचे वळण १९८३ मधले. मिडी या संकेतप्रणालीत वादनक्रियेचे आकडे होतात आणि त्या आकड्यांना हवा तो ध्वनी जोडता येतो. हालचाल आणि नाद यांची अशी फारकत झाल्यावर ब्रिटिश संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी साउंडबीम घडवले. ते वटवाघळाप्रमाणे कानाला न कळणाऱ्या ध्वनिलहरी सोडते, परतलेल्या लहरींवरून अंतर मोजते आणि त्या अंतराचा स्वर करते. मुळात ते नर्तकांसाठी होते. पण विशेष मुलांच्या शाळांनी ते आपलेसे केले. कारण त्याचा पल्ला काही मीटरांचा ठेवता येतो, तसाच मान जराशी वळवण्याइतकाही. २००७ मध्ये अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांच्या पुढाकाराने ‘ॲडॅप्टिव्ह यूज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर आले. त्याला संगणकाचा साधा कॅमेरा पुरतो. चेहरा हलला की स्वर उमटतो.

अशा वाद्यांत पुष्कळदा एकमेकांशी जुळणारे मोजकेच स्वर ठेवतात. हात कुठेही गेला तरी बेसूर होत नाही. त्याने मन निवते, हे खरेच. परंतु काहीही केले तरी गोडच वाजणार असेल, तर आपण काय केले हे वाजवणाऱ्याला कळावे कसे? ज्याच्यासाठी सारे काही दुसरेच करत आले, त्याला ‘हा आवाज माझ्यामुळे झाला’ हे उमगणे, हा आमच्या मते खरा विसावा. त्यासाठी एखादा खटकणारा स्वरही त्याच्या हाताशी असू द्यावा. वाद्याने शरीराकडे जरूर चालत यावे. येताना चुकण्याचा हक्क मात्र हिरावून घेऊ नये.