अक्षरांतील आकडे

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी दुर्ग सोडते, भिलाईनगर मागे टाकते आणि मग भिलाई पावर हाउस हे स्थानक येते. नाव वीजघराचे; पण आज त्या नावाने ओळखली जाते ती भोवतालची गजबजलेली वस्ती आणि बाजारपेठ. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या सुमारास विदर्भातून जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांत माझ्या मावशीचेही कुटुंब होते. तिच्या यजमानांनी पहिल्या पगारातून घेतलेले लंबकाचे घड्याळ आजही पावर हाउसमधील त्या घरात भिंतीवर टिकटिकत असते.

गेल्या दिवाळीत मी तेथे गेलो असता मावसभावाच्या धाकट्या मुलीने मला एक कोडे घातले. "काका, शाळेत बाईंनी चार म्हणजे आय आणि व्ही असे शिकवले. आपल्या घड्याळात तर चार वेळा आय काढला आहे. मग चूक कोणाची? घड्याळाची की बाईंची?"

प्रश्न साधा खरा; परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास ते पुष्कळ दूरवर घेऊन जाते.

रोमन संख्यालेखनाचा सारा संसार सात अक्षरांचा आहे. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. मोठ्या अक्षराच्या उजवीकडे लहान अक्षर आले तर मिळवावयाचे, डावीकडे आले तर वजा करावयाचे. वजा होण्याचा अधिकार आय, एक्स आणि सी या तिघांनाच असून तोही प्रत्येकी लगतच्या दोन मोठ्या अक्षरांपुरताच आहे. म्हणून ९९ ही संख्या आय-सी अशी लिहीत नाहीत; आधी ९० साठी एक्स-सी आणि मग ९ साठी आय-एक्स असे लिहितात.

हा झाला शाळेतील नियम. खुद्द रोमन लोक मात्र त्याबाबत इतके काटेकोर नव्हते. रोम येथे इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कोलोसियम या प्रचंड रंगमंडलाच्या दरवाजांवर क्रमांक कोरलेले आहेत. त्यांतील ४४ व्या दरवाजावर ४० साठी वजाबाकीच्या रीतीने एक्स-एल असे आहे आणि त्यापुढे ४ साठी चार आय ओळीने उभे आहेत. एकाच क्रमांकात दोन्ही रीती! तेव्हा घड्याळही चुकले नाही आणि बाईही चुकल्या नाहीत. त्या मुलीला मी हेच सांगितले.

या पद्धतीस हसण्याचे आपल्याला काही कारण नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीने केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा जो लेख आहे, त्यातील ब्राह्मी अंकही स्थानमूल्याचे नाहीत. तेथे दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे, शून्य नाहीच. शून्य आणि स्थानमूल्य यांची देणगी भारताने जगास दिली, ती त्यानंतर कित्येक शतकांनी.

परंतु अक्षरांचे आकडे करता आले म्हणजे वाचन पुरे झाले काय? मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे उदाहरण घेऊ. त्याच्या माथ्यावरील लेखात राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या आगमनाचे वर्ष एम-सी-एम-एक्स-आय असे कोरलेले आहे. एम म्हणजे १०००, सी-एम म्हणजे ९००, एक्स-आय म्हणजे ११, एकूण १९११. बेरीज अचूक आहे. मात्र एवढ्यावरून ही कमान १९११ ची, असे कोणी म्हणेल तर तो फसेल. राजाराणी २ डिसेंबर १९११ रोजी उतरली, तेव्हा ही कमान तेथे नव्हतीच. तिचा पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजी बसला आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. दगडावरील वर्ष दगडाचे नाही. ते ज्या घटनेचे स्मरण दगड करतो त्या घटनेचे आहे. आकडा बरोबर वाचूनही तेरा वर्षांची चूक होते ती अशी.

आता आपल्या घरात येऊ. अक्षरांत लिहिलेले वर्ष आकड्यांत आणण्याची विद्या मराठी माणसाला नवी नाही. पेशवाईतील असंख्य मोडी कागदांवर सुहूर सनाचे वर्ष अरबी शब्दांत घातलेले असते. इहिदे म्हणजे १, इसन्ने २, सलास ३. सितैन म्हणजे ६०, सबैन ७०, समानीन ८०. मया म्हणजे १०० आणि अलफ १०००. रोमन अंकांत मोठे आधी येते. येथे एकम् आधी, मग दहम्, मग शतम्. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, म्हणजे ११६१. रोमन अंकांप्रमाणेच ही केवळ बेरीज होय.

खरी परीक्षा पुढेच आहे. हा सन मृगावर, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होतो. म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत. जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास ५९९ मिळवावे, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे, तेव्हा इसवी सन येतो. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, तो ११६१ सालीच. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अनर्थ झाला, तोही ११६१ सालीच. सर्वत्र ५९९ मिळवीत जाणारा वाचक पानिपतची लढाई १७६० सालात नेऊन ठेवील.

अशा एका वर्षाने काय बिघडते, असे कोणास वाटेल. सरकारी नोकरीत मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका देवस्थानच्या जमिनीचे प्रकरण होते. पुजाऱ्याने दोन जुने कागद दाखल केले होते. एकावर चैत्र, शके १७०५. दुसऱ्यावर तोच चैत्र, पण सन 'सलास समानीन मया व अलफ', म्हणजे ११८३. कारकुनाने सरावाने ५९९ मिळवून १७८२ हे वर्ष काढले. शके १७०५ च्या चैत्राचे इसवी वर्ष १७८३ येते. वर्षे जुळेनात, तेव्हा शेऱ्यात 'कागद संशयास्पद' हे शब्द पडले. तो वृद्ध मनुष्य कचेरीच्या पायरीवर कागदांची गुंडाळी छातीशी धरून बसला होता, ते दृश्य मी विसरलो नाही. पुढे मोडीच्या एका जाणकाराने चैत्र मृगाच्या आधी येतो, सबब ६०० मिळवावेत, एवढेच दाखवून दिले आणि दोन्ही कागद एकमेकांची साक्ष देऊ लागले. कागद खोटा नव्हता. वाचणे अपुरे होते.

अक्षरी संख्येचा एक मोठा गुण आहे. आकड्यापुढे एक शून्य चढविणे सोपे, शब्द बदलणे अवघड. म्हणूनच आजही पावतीवर आपण 'अक्षरी रुपये' लिहितो. रोमन अंकांत एवढी सुरक्षितता नसली, तरी त्यांना प्रतिष्ठा लाभली आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने संघाच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप मान्य केले. पण घटनेच्या इंग्रजी प्रतीत ते कलम ज्या भागात येते, त्या सतराव्या भागाचा क्रमांक मात्र एक्स-व्ही-आय-आय असा रोमन अक्षरांत आहे! जुनी रीत गणितातून हद्दपार झाली, तरी शीर्षकात आणि घड्याळात तिने आपले आसन राखले आहे.

निघताना त्या मुलीने मला थांबवून घेतले. तिने पाटीवर आजोबांचे घड्याळ काढले होते आणि त्याखाली रोमन अक्षरांत एम-सी-एम-एल-आय-एक्स हे वर्ष लिहिले होते. मी ते १९५९ असे वाचून दाखविले. ती म्हणाली, "बरोबर. पण काका, हे वर्ष कशाचे, ते तुम्ही विचारलेच नाही. घड्याळ घेतले त्याचे, की आजोबा इथे आले त्याचे?"

मी तिला तो प्रश्न विचारावयास हवा होता, हे मी कबूल केले.