रंगलेपांतील विद्रावक

रंगद्रव्य, ते पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारा बंधक आणि या दोहोंचे मिश्रण कुंचल्याने पसरविता येईल इतके पातळ करणारा द्रव, हे रंगलेपाचे तीन मुख्य घटक होत. यांपैकी तिसऱ्या घटकाला विद्रावक म्हणतात. लेप वाळताना विद्रावक हवेत उडून जातो व तयार पापुद्र्यात तो जवळजवळ उरत नाही. तथापि कोणता बंधक वापरता येईल, लेप किती वेळात वाळेल आणि रंगाऱ्याच्या श्वासात काय जाईल, हे त्यावरच ठरते. गेल्या सुमारे शंभर वर्षांत घरगुती रंगलेप पाण्याकडून वनस्पतिज व खनिज तेलांकडे आणि तेथून पुन्हा पाण्याकडे वळले. धातूंवरील रंगलेपांना मात्र हा परतीचा मार्ग अवघड गेला.

पारंपरिक लेप : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत, धसईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याकडील गावांच्या परिसरात कुडाच्या व मातीच्या भिंती शेणमातीने सारविण्याची आणि गेरूने रंगविण्याची रीत होती. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या द्रावाने चौक काढीत. पक्क्या भिंतींना पावसाळा संपल्यावर चुन्याची सफेदी देत. तीत डिंक व थोडी नीळ मिसळीत. या सर्व लेपांत पातळ करणारा द्रव पाणी हाच होता. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून कठीण होतो, म्हणून त्यास वेगळा बंधक फारसा लागत नाही. कळीचा चुना त्वचेला व डोळ्यांना भाजतो. परंतु वाळणाऱ्या सफेदीतून कोणतेही विषारी बाष्प निघत नाही. हे लेप स्वस्त होते, पण धुता येत नसत व दरवर्षी नव्याने द्यावे लागत.

तेल व टर्पेंटाइन : लाकूड व लोखंड यांवर पाण्यातील लेप टिकत नाही. त्यांसाठी उकळलेल्या जवसाच्या तेलात सफेता, शेंदूर किंवा काव घोटून रंगलेप करीत. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, म्हणजे ते स्वतःच बंधक असते. ते पातळ करण्यासाठी पाइन वृक्षाच्या राळेपासून मिळणारे टर्पेंटाइन वापरीत. भारतात ते हिमालयातील चीर वृक्षापासून मिळे. कोकणच्या दमट हवेत असा लेप वाळण्यास कित्येक दिवस लागत.

मुंबईत रंगलेपांची निर्मिती विसाव्या शतकात वाढली. लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी निघाली. तीच पुढे गुडलास नेरोलॅक झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, एशियन पेंट्स या कंपनीची स्थापना झाली.

खनिज विद्रावक : १९२० नंतर अल्किड रेझिने प्रचारात आली. ती खनिज टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या द्रवात, सहज विरघळतात. तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर अशा द्रवांचा पुरवठा मुंबईजवळच होऊ लागला. दारेखिडक्यांना व गजांना लावावयाचा चकचकीत ‘ऑइलपेंट’ बहुधा या जातीचा असतो. तो एका रात्रीत वाळतो. परंतु वाळताना त्यातील विद्रावकाचा मोठा भाग घरातील हवेत मिसळतो. थिनर महाग पडतो म्हणून काही ठिकाणी रॉकेल मिसळतात. रॉकेलचे जड अंश सावकाश उडत असल्याने लेप दीर्घकाळ चिकट राहतो व त्याची चकाकी मंदावते.

धातूंवरील रंगलेप : पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारगाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोजाचे लॅकर वापरात आले. त्यातील एस्टर व टोल्यूइन यांसारखे विद्रावक त्वरेने उडतात. त्यामुळे गाडी रंगविण्याचे आठवड्यांचे काम काही तासांवर आले. पूल, टाक्या व जहाजे यांसाठी पुढे झायलिनात विरघळविलेले क्लोरिनयुक्त रबर आणि एपॉक्सी रेझिने आली. क्लोरिनयुक्त रबराच्या निर्मितीत कार्बन टेट्राक्लोराइड लागत असे. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रिऑल करारामुळे त्याचा वापर घटला आणि या लेपांचे महत्त्वही कमी झाले.

आरोग्याचा प्रश्न : १९७० नंतर डेन्मार्क व स्वीडन या देशांतील पाहणीत दीर्घकाळ विद्रावक हुंगणाऱ्या रंगाऱ्यांमध्ये विस्मरण, थकवा व चिडचिड ही लक्षणे आढळली. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९ मध्ये रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक गटात घातला. याचे कारण केवळ विद्रावक नव्हे, रंगद्रव्ये व धूळही त्यात येतात. दुसरे कारण हवेचे होते. विद्रावकांची बाष्पे सूर्यप्रकाशात वाहनांच्या धुराशी संयोग पावून धूरके निर्माण करतात, म्हणून लॉस अँजेल्समध्ये १९६६ साली त्यांवर निर्बंध घातले गेले. यूरोपीय संघाने २००४ मध्ये घरगुती रंगलेपांतील बाष्पनशील द्रव्यांची कमाल मर्यादा ठरविली.

पाण्याकडे पुनरागमन : पायस रंगलेपात रेझीन पाण्यात विरघळत नाही, तर त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगतात, पाणी उडाल्यावर ते एकमेकांस चिकटून पापुद्रा बनतो. असा रंग अमेरिकेत १९४८ मध्ये बाजारात आला व १९५३ नंतर त्यासाठी ॲक्रिलिक पायसे मिळू लागली. भारतात ‘प्लास्टिक पेंट’ या नावाने तो रूढ झाला. त्यास वास कमी असतो व वाळलेली भिंत पुसता येते. तथापि तो सर्वस्वी निर्दोष नाही. कण जुळून यावेत म्हणून त्यात थोडे कार्बनी विद्रावक आणि कुजू नये म्हणून जंतुनाशके घालावी लागतात. पावसाळ्यात तो उशिरा वाळतो.

लोखंडावर पाणी पडताच गंज धरतो, म्हणून तेथे इतर उपाय योजावे लागले. मोटारींचे सांगाडे पाण्यातील लेपात बुडवून विजेच्या साहाय्याने रंगवितात. चूर्णलेपनात विद्रावकच नसतो. कोरडी पूड विद्युत्‌भाराने चिकटवून सुमारे २०० से. तापमानाला भाजतात. शहापूर तालुक्यातील वासिंद येथे १९८२ मध्ये पोलादाचा कारखाना निघाला. तेथे पुढे जस्तलेपित व रंगीत पत्रे होऊ लागले. अशा पत्र्यांना लेप कारखान्यातच देऊन भट्टीत भाजतात, त्यामुळे विद्रावकांची बाष्पे गोळा करून जाळता येतात.

यावरून असे दिसते, की कारखान्यात विद्रावकाला बंदिस्त करता येते. परंतु गावात खिडकीचे गज रंगविणारा रंगारी ते उघड्या डब्यातूनच वापरतो. भिंतीवरील रंग बदलला तरी त्याच्या कामातील हा भाग फारसा बदललेला नाही. दारेखिडक्या उघड्या ठेवणे, थिनरने हात न धुणे व रंगविलेल्या खोलीत त्या रात्री न झोपणे, ही साधी पथ्येच त्यास उपलब्ध आहेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून केलेला, पाण्यात मिसळण्याचा भिंतीचा रंग १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आला, तेव्हा सारवणाची जुनी सामग्री नव्या रूपात भिंतीवर परत आली. लोखंडासाठी तितका सुलभ व निर्धोक असा लेप मात्र गावातील रंगाऱ्याच्या हाती अद्याप सर्वत्र आलेला नाही.